पुनर्वसन झालें, हें कोणीं म्हणावयाचें?

कांहीं शब्द मोठे बहुरूपी असतात. थोरांच्या वाड्यांत ते एका सोंगानें जातात आणि गरिबाच्या दारांत दुसऱ्या सोंगानें उभे राहतात. ‘पुनर्वसन’ हा त्यांपैकींच एक शब्द होय. एखादा पुढारी निवडणुकींत पडतो. त्याचा बंगला जातो, मोटार जाते, दारावरचा शिपाई जातो, आणि बिचारा चार दिवस तुमच्याआमच्यासारखा साधा माणूस होतो. इतक्यांत वर्तमानपत्रांत ठळक मथळा झळकतो कीं, अमुकरावांचें पुनर्वसन होणार! मग कोठल्या तरी महामंडळाचें अध्यक्षपद, नाहीं तर विधान परिषदेची एखादी जागा त्यांच्यासाठीं शोधण्यांत येते. त्यांना कोणी म्हणत नाहीं कीं, रावसाहेब, आधीं सात-बाराचा उतारा आणा, तलाठ्याचा दाखला आणा, साहेब दौऱ्यावर आहेत, पुढल्या महिन्यांत या. गेलेला मान, गेलेली मोटार, गेलेला शिपाई, सगळें जसेंच्या तसें परत येतें. कधीं कधीं तर पूर्वीपेक्षां मोठें होऊन येतें.

त्याच वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, बाजारभावांच्या खालीं, चार ओळींची दुसरी बातमी असते. धरणग्रस्त कचेरीपुढें बसले, पुनर्वसनाची मागणी. धरणानें ज्यांना उठविलें त्यांनीं पुन्हां कचेरीपुढें धरणें धरावें, असा हा योग! आजानें अर्ज केला, बापानें हेलपाटे घातले, आतां नातू बसला आहे. शब्द तोच, अक्षरें तींच. पण एकाला तो पंधरा दिवसांत फळतो आणि दुसऱ्याला तीन पिढ्यांत फळत नाहीं. असें कां व्हावें? आजच्या अंकीं आम्ही या शब्दाचाच पंचनामा करणार आहों. शब्द कचेरींतला असला, तरी त्याच्याखालीं जमीन जाते ती आमच्या वाचकांची, आणि भाता, ऐरण, चाक, वाकस उचलून गांव सोडावें लागतें तेंही आमच्याच वाचकांना. म्हणून हा पंचनामा विद्वानांवर सोंपवून चालणार नाहीं.

मूळ शब्द इंग्रजी, रिहॅबिलिटेशन. आणि त्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. युरोपांत जुन्या काळीं एखाद्याचा हुद्दा, हक्क किंवा अब्रू हिरावली गेली आणि पुढें ती त्यास रीतसर परत देण्यांत आली, म्हणजे त्यास हा शब्द लावीत. त्यांत घराची गोष्ट मुळींच नव्हती. हक्काची व मानाची होती. आपल्याकडे त्याचा ‘पुनर्वसन’ झाला. पुनः म्हणजे पुन्हां आणि वसन म्हणजे राहणें. भाषांतर करणारांचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या भाषांतरांत हक्क गळाला, अब्रू गळाली, आणि राहण्यापुरती जागा तेवढी शिल्लक उरली. संस्कृतांत ‘वसन’ या शब्दाचा दुसरा अर्थ वस्त्र असाही आहे. तो घेतला तर पुनर्वसन म्हणजे अंगावरचें धोतर फेडून घेऊन हातांत लंगोटी देणें, असा अर्थ एखादा धरणग्रस्त करील, आणि त्याला चूक ठरवितांना पंडितांची पंचाईत होईल!

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट साध्या मराठींत आहे. उठविणें आणि वसणें या दोन क्रियापदांकडे पाहा. उठविणें हें दुसऱ्याच्या हातचें काम आहे. सरकार गांव उठवूं शकतें, पाणी गांव उठवूं शकतें. परंतु वसणें हें ज्याचें त्यानेंच करावें लागतें. कांद्याचें रोप वाफ्यांतून उपटून रानांत लावणें शेतकऱ्याच्या हातीं आहे. पण मूळ धरणें रोपाच्या हातीं आहे. शहाणा शेतकरी लागवडीच्या दुसऱ्या दिवशीं, रोपें लागलीं, असें म्हणत नाहीं. माना वर येऊन नवी पात फुटली, म्हणजे मग म्हणतो. सरकारी कागदांत मात्र लागवडीच्या दिवशींच लिहिलेलें असतें कीं, पुनर्वसन पूर्ण. आमचा सगळा वाद या ‘पूर्ण’ शब्दाशीं आहे.

आमच्या जिल्ह्याचें पूर्वीचें नांव अहमदनगर. आतां तें अहिल्यानगर झालें आहे. नांव राजपत्रांत छापून बदलतां येतें. माणसाचें बस्तान मात्र राजपत्रांत छापून बसत नाहीं; आणि याचा अनुभव आमच्या जिल्ह्याइतका थोड्याच जिल्ह्यांना असेल. डोंगराच्या कुशींतल्या अकोल्यापासून गोदाकांठच्या शेवगांवापर्यंत या मुलखाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाण्यानें लिहिलेला आहे.

अकोले तालुक्यांत प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. धरणास गव्हर्नर विल्सनसाहेबांचें नांव दिलें आणि जलाशयास आर्थर यांचें. त्या पाण्यानें खालचा प्रवराकांठ हिरवा झाला. ऊंस आला, कारखाने आले, आणि स्वराज्यानंतर प्रवरानगरास सहकारी कारखान्याचीं धुराडीं पेटलीं तींही त्याच पाण्याच्या बळावर. साहेबांचीं नांवें दगडावर आलीं; पण ज्यांचीं रानें त्या पाण्याखालीं गेलीं त्यांचीं नांवें कोणत्या दगडावर आहेत? त्या काळीं पुनर्वसन हा शब्दच सरकारदरबारीं नव्हता. १८९४ चा जमीन संपादनाचा कायदा होता, आणि त्याला एकच भाषा येत होती: जमीन घ्या, मोल द्या, आणि निघा. पारनेरांत जन्मलेले सेनापति बापट १९२१ सालीं मुळशी पेट्यांतल्या शेतकऱ्यांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तो लढा या भाषेविरुद्धच होता. धरण झालें, पण मोल म्हणजे न्याय नव्हे, हें त्या मावळ्यांनीं तुरुंगांत जाऊन सांगून ठेविलें.

शब्द आपल्याकडे जोरानें आला तो १९४७ सालीं. देशाची फाळणी झाली, लाखों माणसें इकडून तिकडे व तिकडून इकडे झालीं, आणि दिल्लीस निर्वासितांच्या पुनर्वसनाचें खातें निघालें. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी मंडळी उतरलीं, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथें सरकारनें दिल्या त्या बराकी. बराकींचें शहर केलें तें त्या लोकांनीं आपल्या धंद्याच्या हिकमतीवर. धंदा करण्यास वाव मिळाला म्हणून ते वसले. वाव नसता, तर आजही ती छावणीच राहिली असती.

याच्या उलटही एक उदाहरण आहे, आणि तें विसरतां कामा नये. १८७१ सालीं इंग्रजांनीं कांहीं जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. पुढें त्या कायद्याखालीं सोलापुरास व इतरत्र तारेच्या कुंपणांत त्या लोकांस कोंडण्यांत आलें. त्या कुंपणाचें नांव काय, तर सेटलमेंट, म्हणजे वसाहत! हेतु काय, तर सुधारणा! सकाळसंध्याकाळ हजेरी, परवानगीवांचून बाहेर पाऊल नाहीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा उठला. आमच्या जिल्ह्यांतल्या पारधी बंधूंच्या पाठीवरचा तो शिक्का मात्र कायद्याबरोबर उठला नाहीं. यावरून एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्याला वसवावयाचें त्याला न विचारतां वसविलें, तर वसाहत आणि तुरुंग यांत तारेपुरतेंच अंतर राहतें.

आतां धरणांकडे वळूं. राहुरी तालुक्यांत बारागांव नांदूरजवळ मुळेवर २६ टी.एम.सी.चें, म्हणजे २६०० कोटी घनफुटांचें धरण झालें. तिकडे पैठणास जायकवाडीचें धरण झालें. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्रींनीं पाया घातला आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. धरण पैठणास, पण त्याचें पाणी फुगलें तें आमच्या शेवगांव व नेवासें तालुक्यांतल्या काळ्या रानांतही. पाट मात्र मराठवाड्याकडे गेले. मराठवाड्याच्या तहानेल्या मुलखास पाणी मिळालें याबद्दल आमच्या मनांत असूया नाहीं. तिकडचींही अनेक गांवें त्याच पाण्याखालीं गेलीं आहेत. धरणें नकोत असेंही आम्ही म्हणत नाहीं. पाणी अडवा, तळीं बांधा, असें शेतकऱ्याच्या वतीनें सरकारास बजावणारे पहिले जोतीराव फुलेच, आणि तेंही १८८३ सालीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शेताला पाणी देणारा हात शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा नसावा.

उन्हाळ्यांत नाथसागराचें पाणी ओसरूं लागलें म्हणजे कांठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. ती सरकारी खात्याची. आकार भरून, एका सालाच्या बोलीनें ती कसावयास मिळते. ज्या रानांत आजानें मोट हाकली, त्याच रानांत नातू पावती फाडून टरबुजें लावतो. पाणी फार ओसरलें तर जुन्या विहिरीचें कडें वर येतें, देवळाचा चौथरा वर येतो; म्हातारीं माणसें कांठावर उभीं राहून बोटानें दाखवितात कीं, येथें आपली ओसरी होती. पाऊस पडला कीं तें सगळें पुन्हां खालीं जातें. कागदावर या कुटुंबाचें पुनर्वसन पूर्ण आहे. ज्याला दर उन्हाळ्यांत आपलेंच शेत भाड्यानें घ्यावें लागतें, तो वसला असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

आणि ज्यांना उठविलेंच नाहीं त्यांचें काय? मुळेच्या फुगवट्यापलीकडे वावरथ, जांभळी हीं गांवें. धरणानंतर त्यांची वाट पाण्यांत गेली, आणि बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला येण्यास होडीचा आधार उरला. घर बुडालें नाहीं म्हणून ते विस्थापित नव्हेत; पण वाट बुडाली तर घर राहून काय करावयाचें? शेजारीच लष्कराच्या के. के. रेंज या गोळीबाराच्या मैदानाचें दुसरें भय. नगर, पारनेर व राहुरी या तीन तालुक्यांतल्या गांवांच्या डोक्यावर वाढीव जमीन संपादनाची टांगती तलवार वर्षानुवर्षें आहे. जमीन जाणार असें नुसतें बोललें गेलें, कीं विहीर खणण्यास हात धजत नाहीं, पत मिळत नाहीं, मुलाची सोयरीक अडते. हें नुकसान कोणत्या रकान्यांत लिहितात?

धरणग्रस्तांसाठीं जे कायदे झाले ते आकाशांतून पडले नाहींत. संगमनेर तालुक्याचे दत्ता देशमुख, पुण्याचे बाबा आढाव अशा माणसांनीं धरणग्रस्तांना उभें केलें, आणि ‘आधीं पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी गांवोगांवीं पोंचली. १९७६ सालीं महाराष्ट्रानें पहिला कायदा केला. त्याच्या इंग्रजी नांवांत रिसेटलमेंट, म्हणजे दुसरीकडे वसविणें, हा शब्द होता आणि विस्थापित हा शब्द होता. १९८६ सालीं नवा कायदा आला, पुढें १९९९ चा आला. त्यांत रिहॅबिलिटेशन आलें आणि विस्थापिताच्या जागीं बाधित आला. वाचकांनीं हा फरक बारकाईनें पाहावा. विस्थापित म्हणजे ज्याचें ठाणें हललें तो. बाधित म्हणजे ज्याच्या जगण्यास धक्का लागला तो. कायद्याचा शब्द असा मोठा होत गेला. कचेरींतली वागणूक त्याच्याबरोबर मोठी झाली काय, हाच प्रश्न आहे. पर्यायी जमीन हवी असेल, तर मिळालेल्या नुकसानभरपाईच्या ६५ टक्के रक्कम सरकारांत भरा, असा नियम होता. ज्याची चूल बंद पडली त्याच्या हातीं ती रक्कम किती दिवस टिकणार? दुष्काळांत ती पोटांत गेली, कोठें लग्नांत गेली; आणि मग कचेरीनें सांगितलें कीं, तुम्हीं पैसे भरले नाहींत, तुमचा हक्क गेला. बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात तो असा.

गेलेलें परत देणें हा या शब्दाचा मूळ अर्थ आम्हीं वर सांगितला. असें कधीं घडलें आहे काय? घडलें आहे, आणि आमच्याच जिल्ह्यांत घडलें आहे. श्रीरामपूर-हरेगांवच्या बाजूस इंग्रजी अमलांत साखर कारखान्यांसाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, तेव्हां त्या मालकांना परत मिळावयाच्या त्या १९६३ सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकरी शेतकरी सभा, मोर्चे, कोर्ट या वाटेनें झगडत राहिले, आणि २०१२ नंतर जमिनी त्यांच्या वारसांच्या हातीं येऊं लागल्या. याला म्हणतात गेलेलें परत येणें! मात्र त्याच महामंडळाच्या मळ्यांवर पिढ्यान्पिढ्या राबलेला मजूर चाळींत राहत होता. त्याचें नांव सात-बारावर कधींच नव्हतें. मळा गेला तशी त्याची मजुरी गेली, आणि घरापुरत्या दोन गुंठ्यांसाठीं त्याला मागणी करीत फिरावें लागलें. जमीनवाल्याचें पुनर्वसन झालें, हातवाल्याचें राहिलें.

येथें आम्हांस कारागीर बंधूंचा विचार मुद्दाम करावयाचा आहे. गांव उठतें तेव्हां शेतकऱ्याची जमीन मोजतात, झाडें मोजतात, विहीर मोजतात. सुताराचें काय मोजतात? त्याची कामाची जागा म्हणजे लिंबाची सावली. लोहाराचें काय? भात्याशेजारचा खड्डा. कुंभाराची माती ज्या तळ्याकांठची ती सरकारी. न्हावी, परीट, चांभार यांची मिळकत म्हणजे शंभर घरांशीं असलेला संबंध. तो संबंध हीच त्यांची जमीन होती. गांव चार ठिकाणीं फुटलें कीं ती जमीन बुडाली. तिला ना गट नंबर, ना आकार. नव्या गांवठाणांत त्याला भूखंड मिळतो, पण भूखंडावर कोणी वस्तरा चालवीत नाहीं. गांव करी तें राव न करी, ही म्हण आमच्या आजांनीं उगीच नाहीं केली. राव घर देईल. शेजार कोठून देईल?

२०१३ सालीं दिल्लीनें जो भूमिसंपादनाचा कायदा केला, त्यानें हें स्पष्ट ओळखलें. त्या कायद्यांत बाधित कुटुंब म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वीं तीन वर्षें त्या भागांत राबून पोट भरणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीर हेही बाधित होत. कारागिरास व लहान दुकानदारास एकरकमी निदान २५,००० रुपये द्यावे, असें त्यांत आहे. विधवा, घटस्फोटित व टाकलेल्या स्त्रीस स्वतंत्र कुटुंब मानावें, असें आहे. पाटबंधाऱ्याच्या कामांत पाणी भरण्याच्या सहा महिने आधीं पुनर्वसन पुरें करावें, असें आहे. लाभक्षेत्रांत निदान एक एकर जमीन द्यावी, असेंही आहे. पण त्यास ‘शक्य तोंवर’ ही शेपटी जोडलेली आहे. गरिबाला देतांना कायद्याला नेहमींच शेपूट फुटतें! शिवाय वाटाघाटीनें थेट जमीन विकत घेण्याची रीतही आतां रूढ झाली आहे. खरेदीखत झालें कीं तो सौदा ठरतो, आणि सौद्यांत कारागीर व मजूर कोणाच्या खिजगणतींत नसतात. म्हणून ज्या गांवावर ही पाळी येईल त्यानें थेट सौद्याच्या मोठ्या आंकड्यास भुलण्यापूर्वीं, आपल्या गांवांतल्या भूमिहीनांचें काय, हा प्रश्न चावडींत विचारावा.

इथवर आम्हीं सरकारास बोल लाविला. आतां थोडें आपल्याच घरांत पाहूं. लाभक्षेत्रांत ठराविक मर्यादेहून अधिक जमीन असणाऱ्याकडून ठरलेल्या प्रमाणांत जमीन घेऊन ती धरणग्रस्तास द्यावी, असा आपल्या राज्याचा नियम. न्यायाच्या दृष्टीनें याहून सरळ गोष्ट कोणती? ज्याच्या बुडण्यानें माझें रान भिजलें, त्याला माझ्या भिजल्या रानांतला एक तुकडा. पण असा हुकूम निघणार ही कुणकुण लागतांच कागदावर वाटण्या किती झाल्या, कालच्या एकत्र कुटुंबांत आज चार खातेदार कसे निघाले, कोर्टांतून मनाई कोणीं आणल्या, हें ज्याचें त्यास ठाऊक आहे. नव्या वस्तीच्या माणसाला आपल्या स्मशानांत जागा न देणारे, आपल्या आडावर त्याच्या बाईची कळशी मागें सारणारे, ‘धरणवाले’ म्हणून त्याच्या पोराला शाळेंत हिणविणारे कोण असतात? कोणी भट नाहीं, कोणी साहेब नाहीं. आपलेच लोक, आपल्याच जातीचे, आपल्यासारखेच नांगरामागें चालणारे. पाटाचें पाणी पितांना ज्याच्या बुडालेल्या ओसरीची आठवण होत नाहीं, त्यानें सावकाराच्या निर्दयपणाबद्दल बोलूं नये.

आणखी एक. जुनें गांव बुडतें तेव्हां त्याच्याबरोबर गांवकूसही बुडतें. एवढी एक गोष्ट तरी पाण्यानें बरी केली असें म्हणावें, तर नव्या गांवठाणाचा नकाशा काढतांना कोणी तरी तें पुन्हां आंखावयास निघतो: इकडे पाटील, तिकडे माळी, आणि पार शेवटीं, उताराला, बाकीचे. ज्याला नव्यानें वसावयाचें आहे त्यानें जुन्या आजाराचें बीं कशाला सोबत न्यावें? भूखंड चिठ्ठी टाकून वांटावे आणि पाणवठा एकच असावा. तसें केल्यास पुनर्वसन हें जुन्याहून बरें होईल.

आतां करावयाचें काय, हें थोडक्यांत सांगतों. संपादनाची नोटीस आली कीं पहिली पाहणी होते व बाधितांची यादी तयार होते. या यादीची जाहीर सुनावणी घेणें कायद्यानें बंधनकारक आहे. त्या दिवशीं रानांतलें काम ठेवून सगळ्यांनीं हजर राहावें. यादींत आपलें नांव तर पाहावेंच. पण सुताराचें, कुंभाराचें, वाटेकऱ्याचें, एकट्या विधवेचें आहे कीं नाहीं, हेंही पाहावें, आणि नसेल तर ग्रामसभेच्या ठरावानें घालावयास लावावें. जमीनवाल्यांनीं हें काम परोपकार म्हणून नव्हे, तर स्वार्थ म्हणून करावें. कारण लोहारावांचून नवें गांव वसत नाहीं. घर मिळेल तें नवराबायकोच्या जोड नांवावर करून घ्यावें. भरपाईचा पैसा आला कीं दारांत मोटारसायकलवाला, जमीनदलाल आणि लग्नाचा मांडववाला एकाच दिवशीं येतात. तिघांनाही सालभर चहा पाजून परत पाठवावें. जुन्या गांवचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, शाळेचे दाखले जपून ठेवावे. पाणी गांव बुडवितें, पण कागद हरवणें हें गांव दुसऱ्यांदां बुडविणें होय.

आणि सरकारास आमची एकच सूचना आहे. ‘पुनर्वसन पूर्ण’ हा शेरा लिहिण्याचा अधिकार ज्यानें उठविलें त्याच्या हातीं असूं नये. ज्याचें जळतें त्याला कळतें. नव्या गांवठाणांत पांच वर्षें लोटल्यावर ग्रामसभा बोलवावी आणि साधे प्रश्न विचारावे. विहिरीला पाणी आहे काय? सुताराला काम आहे काय? तुमच्या मुलीला या गांवांत कोणी सोयरा म्हणून येतो काय? मयतीला शेजारचा खांदा देतो काय? घर बांधतांना दारांत लिंबाचें रोप लाविलें असेल, तर त्याची सावली पडूं लागली काय? या प्रश्नांना गांवकऱ्यांनीं होय म्हटलें, तर त्यांच्याच सह्याअंगठ्यांनीं तो शेरा लिहावा. एकानेंही नाहीं म्हटलें, तर कागद तसाच उघडा ठेवावा, मग त्याला किती वर्षें लागोत.

पडलेल्या पुढाऱ्याला पुन्हां खुर्चींत बसविण्यास जर हा शब्द पुरतो, तर पडलेल्या गांवाला पुन्हां मानानें बसविण्यास तो कां पुरूं नये? अर्थ नवा शोधावयाचा नाहीं. गेलेलें परत द्या, हक्कानें द्या, अब्रूनें द्या, एवढाच तो जुना अर्थ आहे. तो आम्हांलाही लागू करा, इतकेंच आमचें म्हणणें. आणि लाभक्षेत्रांतल्या आमच्या शेतकरी बंधूंनो, येत्या आवर्तनाचें पाणी दाऱ्यावर घ्याल तेव्हां एक वेळ वरच्या अंगाला पाहा. तिकडे कोणाची तरी ओसरी त्या पाण्याखालीं आहे. त्याची पोरें तुमच्या शिवारांत आलीं असतील, तर त्यांना परकें म्हणूं नका.